दीक्षित, दिवेकर आणि खाण्याचे विकार

२०१८च्या सुमारास मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघे: दीक्षित की दिवेकर? नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे आणलेली पद्धत सांगे, कडक भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांत जेवा. ऋजुता दिवेकर सांगत, थोडं थोडं, वेळेवर, घरचं खा. दीक्षितांचा रोख मधुमेह आणि लठ्ठपणावर होता. गंमत दिवेकरांची. भात-तूप खा म्हणणाऱ्या या बाई घरोघरी माहीत झाल्या त्या २००८च्या ‘टशन’मधल्या करीना कपूरच्या ‘झिरो फिगर’मुळे. सल्ला मागे राहिला, आकडा पुढे गेला.

मग अशा डाएटमुळे आणि पडद्यामुळे खाण्याचे विकार होतात का? घाईने ‘हो’ लिहू नका. लंडनच्या विल्यम गल आणि पॅरिसच्या लासेग यांनी स्वतःला उपाशी ठेवणाऱ्या मुलींचा आजार १८७३ मध्येच मांडला होता. तेव्हा सिनेमाही नव्हता.

पण फिजीकडे बघा. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर यांच्या पाहणीत त्या वर्षी वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही शाळकरी मुलगी आढळली नाही. १९९८ मध्ये हे प्रमाण ११.३ टक्के होतं. पाहिलेल्या मुली थोड्या, दोन्ही वेळच्या वेगळ्या, म्हणून हा पक्का पुरावा नव्हे. तरी दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

आणि खुद्द उपासमार? १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांना बारीक दिसायचं नव्हतं. तरी त्यांचं डोकं अन्नाभोवतीच फिरू लागलं, काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुढे पोटभर मिळाल्यावर काहींना थांबताच येईना. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ आपण हसत म्हणतो. ती शरीराची खरी चाल आहे. म्हणून माझं मत असं: पडदा आकडा दाखवतो, डाएट नियम देतं, आणि ज्याचा स्वभाव आधीच धास्तावलेला असतो तो त्यात अडकतो. बाकीचे महिन्याभरात सोडून देतात.

के. आर. पुरमला माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. मेसचं जेवण टाळायचा, मध्यरात्री दोन बिर्याण्या मागवायचा, मग दोन दिवस फक्त पाणी. मुलगा आहे म्हणून मला शंकाच आली नाही. घरून रोज फोन यायचा, त्यात विचारायचे: किती किलो उतरलं?