मिशनऱ्यांचा मुनशी : रामराम बसू

विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले आणि रामराम बसू त्यांचे मुनशी झाले. बसूंनी ख्रिस्तस्तुतिपर गीते रचली, बायबलच्या बंगाली भाषांतरास साहाय्य केले. बाप्तिस्मा मात्र अखेरपर्यंत घेतला नाही. १७९६ मध्ये नैतिक आरोपावरून गेलेली नोकरी १८०० मध्ये परत मिळाली, कारण त्यांच्यावाचून भाषांतर अडत होते. त्यांना दांभिक ठरविणे सोपे आहे, पण ते एकांगी होय. बाप्तिस्मा म्हणजे जातिबहिष्कार. धर्मांतरिताच्या वारसाहक्काला कायद्याचे संरक्षण १८५० मध्ये मिळाले. शिवाय बसूंचा स्वतंत्र गद्यग्रंथ (१८०१) ख्रिस्ताविषयी नसून राजा प्रतापादित्याविषयी आहे. हाच ग्रंथ वैजनाथ पंडितांनी १८१६ मध्ये मराठीत आणला.