गिलावा, गुळगुळीत

घरातील भिंतींना रंगापूर्वी दिलेला सपाट, घोटलेला शेवटचा थर. अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर येथील खंडेश्वराचे हेमाडपंती देऊळ गिलाव्याविना, घडीव दगडांच्या सांध्यांवर उभे आहे. राहत्या घरांना मात्र लेप लागतोच. वऱ्हाडात मातीच्या भिंती पांढरी माती, शेण व कुटार कालवून लिंपत आणि वरून चुना देत. चुन्याची घोटाई किती उंची गाठू शकते, हे छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात दिसते. तेथे संगमरवर मोजक्याच भागांत आहे, बराचसा भाग गिलाव्याने तसा भासवला आहे.

आज निवड असते ती सिमेंटच्या गिलाव्यावर निरू, पुट्टी किंवा थेट विटेवर जिप्सम यांतून. निरू म्हणजे विरवून चाळलेल्या चुन्याचा लेप, थापीने घोटलेला. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीचा थर जेमतेम दीड मिलिमीटरचा. वाकडी भिंत तिने सरळ होत नाही. ते काम आधीच ओळंब्याने आणि पाट्याने व्हावे लागते. मिस्त्रीचे काम ताब्यात घेताना भिंतीलगत दिवा तिरका धरावा, खळगे लगेच उमटतात.

वऱ्हाडात निवडीचा खरा निकष पाणी आहे. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, आणि सिमेंटचा गिलावा किमान 7 दिवस ओला ठेवावाच लागतो. पाणी कमी पडले की तो भुसभुशीत राहतो आणि वरची पुट्टी पापुद्र्यांनी सुटते. जिप्सम साधारण अर्ध्या तासात घट्ट होते, त्यावर पाणी मारावे लागत नाही. टंचाईच्या दिवसांत कोरड्या खोल्यांसाठी तेच घ्यावे. न्हाणीघरात किंवा ओल चढणाऱ्या भिंतीवर ते मऊ पडते. तेथे सिमेंटच हवे.

दुसरा प्रश्न काळ्या मातीचा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंतीला तडे जातात आणि गुळगुळीत भिंतीवर ते अधिकच उठून दिसतात. म्हणून आधी पायाचा खर्च, मग घोटाईचा. खांब व वीटकाम जुळते तेथे गिलाव्याआधी जाळी ठोकावी.

जुन्या मातीच्या भिंतीवर सिमेंट किंवा पुट्टी चढवू नये. ओल आत कोंडते, माती सुटते आणि लेप पोकळ वाजू लागतो. अशा भिंतीला मातीचा लेप आणि त्यावर चुनाच द्यावा. ओल त्यातून बाहेर पडू शकते.