टपाली मतदान: घरबसल्या मत द्यायचं तर पाच दिवसांची मुदत लक्षात ठेवा

नाव टपाली असलं तरी या मतदानात पोस्टमनचा संबंध कमीच. पोस्टाने मत येतं ते मुख्यतः सैन्यातल्या मतदारांचं. त्यांना मतपत्रिका ऑनलाइन जाते. ती छापून, मत नोंदवून परत पाठवायची आणि मतमोजणीच्या दिवशी सकाळी ८ च्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचली पाहिजे. उशीर झाला की मत गेलं.

गावाकडे खरा गोंधळ होतो तो म्हाताऱ्या माणसांच्या मताबाबत. विधानसभा आणि लोकसभेसाठी ८५ वर्षांवरच्या आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता येतं. आधी वयाची अट ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती वाढवली. त्यासाठी नमुना १२-ड भरावा लागतो. बीएलओ तो घरी आणून देतात. मात्र भरलेला अर्ज अधिसूचनेपासून पाच दिवसांच्या आत गेला पाहिजे. २०२४ च्या विधानसभेची अधिसूचना निघाली २२ ऑक्टोबरला आणि मतदान होतं २० नोव्हेंबरला. म्हणजे मुदत संपली ती ऐन सुगीत, दिवाळीच्या तोंडावर. उमेदवारी मागे घेण्याचा दिवसही तेव्हा आला नव्हता. प्रचाराची गाडी दारावरून गेल्यावर ‘आमच्या आजीचं काय?’ विचारून उपयोग नसतो.

दुसरी बाजूही आहे. अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मतपत्रिकेची खूण होते आणि बूथवर मत देता येत नाही. पथक येण्याची तारीख आधी कळवतात. त्या दिवशी मतदार घरी नसेल तर आणखी एकदा येतात, तिसरी फेरी नाही. त्यामुळे आजोबा बूथपर्यंत चालत जाऊ शकत असतील, तर अर्ज भरण्याआधी घरात नीट बोलून घ्यावं.

पथकात दोन मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओग्राफर असतात. उमेदवारांचे प्रतिनिधीही येऊ शकतात. शूटिंग प्रक्रियेचं होतं, मत कोणाला दिलं याचं नाही. मतपत्रिका आतल्या लिफाफ्यात जाते. सही केलेलं घोषणापत्र मात्र बाहेरच्या लिफाफ्यात ठेवायचं. ते चुकून आत गेलं, त्यावर सही किंवा साक्षांकन राहिलं, किंवा क्रमांक जुळला नाही, तर आतला लिफाफा न उघडताच मत बाद होतं. शिकल्यासवरलेल्यांच्याही हातून ही चूक होते.

निवडणूक ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी २०२३ पासून नियम बदलला. मतपत्रिका घरी नेऊन मतमोजणीपर्यंत कधीही परत देणं बंद झालं; आता प्रशिक्षणाच्या ठिकाणच्या सुविधा केंद्रातच मत द्यावं लागतं.

एवढ्याशा मतांनी काय होतं, असं वाटत असेल तर २०२४ ची मुंबई उत्तर पश्चिम लोकसभा आठवावी. ईव्हीएममध्ये अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. विधानसभेला साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी जिंकले. विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर ती बाद मतं निकालाआधी पुन्हा तपासणं बंधनकारक आहे.

ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला मात्र यातलं काहीच लागू नाही. बाहेरगावी असणं हे टपाली मतदानाचं कारण धरलं जात नाही. कारखान्याच्या तळावरून गावी यायचं, नाहीतर मत सोडायचं. मजुरी बुडवून आणि भाडं घालून किती जण येणार? स्थलांतरितांना आहे तिथूनच मत देता यावं म्हणून आयोगाने ७२ मतदारसंघ हाताळू शकणारं रिमोट मतदान यंत्र जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे आणलं होतं. पक्षांनी शंका काढल्या आणि २०२४ च्या दोन्ही निवडणुका त्या यंत्राविनाच झाल्या.