अँटवर्प ते हेलसिंकी

ऑलिंपिक सामन्यांतील हिंदुस्थानच्या कामगिरीची गोष्ट निघाली कीं आपल्याकडील सुशिक्षित मंडळी हॉकीपासून आरंभ करितात. इ. स. १९२८ सालीं अ‍ॅमस्टरडॅम येथें आपल्या संघानें २९ गोल केले व स्वतःवर एकहि होऊं दिला नाहीं; १९३२ सालीं अमेरिकेवर २४ विरुद्ध १, १९३६ सालीं बर्लिन येथें जर्मनीवर ८ विरुद्ध १, आणि १९४८ सालीं लंडन येथें खुद्द ब्रिटनवर ४ विरुद्ध ० असे विजय मिळविले, हें पुष्कळांना तोंडपाठ असतें. ध्यानचंदांच्या कीर्तीस उणेपणा आणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु ह्या इतिहासाचा उगम हॉकीच्या मैदानावर नसून पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर आहे, ही गोष्ट पुणेकरांच्याहि ध्यानांत राहिलेली दिसत नाहीं. म्हणून हा लेखप्रपंच.

त्याहि पूर्वीं, १९०० सालीं, कलकत्त्यांत जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डनें पॅरिस येथें दोन रौप्यपदकें मिळविलीं, व आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिति तीं हिंदुस्थानच्याच नांवें मांडते. तीं ब्रिटनचीं कीं आपलीं, हा वाद ज्यांना रुचेल त्यांनीं खुशाल घालावा. त्याला ह्या देशानें निवडून पाठविलें नव्हतें, आणि त्याच्या पाठोपाठ वीस वर्षें येथून दुसरा कोणी गेला नाहीं, एवढेंच आम्ही नमूद करितों.

खरा आरंभ १९१९ सालचा. डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांस सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. धांवणारे बहुतेक खेड्यांतील शेतकरी. पायांत कांहीं नाहीं, शिक्षण कोणाचें नाहीं, शर्यतीच्या नियमांची ओळख नाहीं. दोराबजींचें कांहीं शिक्षण केंब्रिज येथें झालें होतें व विलायतेंतील शर्यती त्यांच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या. ह्या अनवाणी माणसांनीं घेतलेला वेळ युरोपीय धांवणाऱ्यांच्या वेळेशीं ताडून पाहण्याजोगा आहे, हें त्यांनीं तेव्हांच हेरलें. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड समारंभास हजर होते. हिंदुस्थानला ऑलिंपिक सामन्यांत प्रवेश मिळावा म्हणून दोराबजींनीं त्यांचें साहाय्य मागितलें आणि निवडक धांवणाऱ्यांचा खर्च स्वतः सोसण्याची तयारी दाखविली. ही हकीकत त्यांनींच १९२९ सालीं आंतरराष्ट्रीय समितीच्या अध्यक्षांस एका पत्रांत कळविली आहे.

१९२० सालीं अँटवर्पला सहाजण गेले: फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी व बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे धांवण्यासाठीं, कुमार नवले व रणधीर शिंदे हे कुस्तीसाठीं. त्या वर्षीची मॅरॅथॉन नेहमींपेक्षां कांहींशी लांब होती. ती बेळगांवकडील चौगुल्यांनीं दोन तास पन्नास मिनिटांच्या सुमारास पुरी केली व एकोणिसावा क्रमांक मिळविला. शिंदे उपान्त्य फेरीपर्यंत पोंचले आणि शेवटीं चौथे राहिले. एक कुस्ती आणखी मारली असती तर कुस्तींतील आपलें पहिलें पदक बत्तीस वर्षें आधींच आलें असतें! आमच्या पुढें ह्या दोघांचीं नांवें उच्चारलीं तर किती घरांतून ओळख पटेल, ह्याविषयीं आम्हांस दाट शंका आहे. चौथ्या क्रमांकाचा पुतळा कोणी उभारीत नाहीं.

पुढें १९२७ सालीं इंडियन ऑलिंपिक असोसिएशन स्थापन झाली व दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्यामागून पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग आले. उद्योगपति व संस्थानिक ह्यांच्या थैलीवर हा संसार चालला होता. ह्याला नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु ती थैली बंद झाल्यावर काय झालें, तें खाशाबा जाधवांच्या चरित्रांत पाहावें.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनें लंडनला गेला. जन्म तांबड्या मातींत गेलेला. तेथें गादीवर कुस्ती, आणि नियमहि निराळे. तरी तो सहावा आला. चार वर्षांनीं हेलसिंकीला जावयाचें तर संस्थान विलीन झालेलें, आणि सरकारी मदत मागावी तितकी मिळेना. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले असें सांगतात. आमचेंहि आयुष्य कॉलेजांतच गेलें आहे. विद्यार्थ्यासाठीं घर गहाण टाकणारा दुसरा प्राचार्य आम्हीं ऐकिलेला नाहीं.

हेलसिंकी येथें खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी ह्यांच्या मल्लांस हरविलें. पुढें जपानचा इशी व रशियाचा मामेदबेकोव ह्यांच्यापुढें ते हरले. दोन कुस्त्यांच्या मध्यें जी विश्रांति नियमानें मिळावयाची ती त्यांना मिळाली नाहीं, आणि त्यांच्या बाजूनें तक्रार करावयास आपला एकहि अधिकारी तेथें हजर नव्हता, असें त्यांच्या चरित्रांतून येतें. तरी २३ जुलै १९५२ रोजीं कांस्यपदक त्यांच्या हातीं आलें. स्वतंत्र हिंदुस्थानांत एकट्या खेळाडूनें मिळविलेलें हें पहिलें पदक. १५१ बैलगाड्यांच्या मिरवणुकीनें त्यांचें स्वागत झालें. खर्डेकरांचें कर्ज मात्र मिरवणुकीनें फिटण्यासारखें नव्हतें, तें खाशाबांनीं कुस्त्यांचीं मैदानें लढवून फेडलें असें म्हणतात. १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत लागले, १९८४ सालीं रस्त्यावरील अपघातांत वारले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर जाहीर झाला.

दुसरें वैयक्तिक पदक देशाला १९९६ सालीं लिअँडर पेसनें आणून दिलें. महाराष्ट्राला त्याहूनहि अधिक थांबावें लागलें. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस येथें कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनें नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. मध्यंतरीं ७२ वर्षें गेलीं. सरकारी क्रीडाप्रबोधिनी झाली होती, रेल्वेंत त्याला नोकरीहि मिळाली होती. तरी आरंभीं बंदुकीच्या गोळ्यांकरितां त्याच्या वडिलांनीं कर्ज काढलें होतें, असें त्या सुमारास वर्तमानपत्रांत आलें.