जोडावरचा हिशेब

मी कला शाखेचा बी.ए.; विजेशी माझा संबंध बटणापुरता. तरी गुस्ताव किरखॉफचा एक नियम मला फार आवडतो. १८४५ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, क्योनिग्सबर्गच्या या विद्यार्थ्यानं मांडलं : तारांच्या जोडावर जितका प्रवाह येतो, तितकाच बाहेर पडतो. पुढं यातूनच रीत निघाली. एका जोडाचा विद्युतदाब शून्य धरायचा आणि उरलेल्या प्रत्येक जोडाचं समीकरण मांडायचं. ती सोडवली की सगळ्या जाळ्याचा उलगडा होतो. १९७३ साली बर्कलेत तयार झालेल्या ‘स्पाइस’ या संगणक-प्रणालीचा पाया हाच. चिप एकदा घडली की आतली तार बदलता येत नाही. म्हणून हिशेब आधी करावा लागतो. मंडळी, शून्य कुठं मानायचं हे आपल्या हाती. जमाखर्च मात्र प्रत्येक जोडावर जुळलाच पाहिजे.