फुग्यांची विणलेली टोपी : पीळ, वीण आणि सावधगिरी

लांबट फुग्यांना पीळ देऊन तयार केलेली टोपी जत्रांत, वाढदिवसांच्या समारंभांत आणि मॉलच्या प्रवेशद्वाराशी सर्वत्र दिसते. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात एकदोन फुग्यांना जागोजागी पीळ देऊन आकार साधतात. दुसऱ्यात अनेक फुगे उभे-आडवे एकमेकांखालून-वरून नेत टोपलीसारखी वीण घालतात. पहिला प्रकार दोन मिनिटांत होतो. दुसऱ्याला वेळ आणि हिशेब दोन्ही लागतात, आणि खरे कारागीर त्यातच ओळखू येतात.

रबराचा फुगा प्रथम प्रयोगशाळेत जन्मला. मायकेल फॅरेडे यांनी १८२४ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हायड्रोजनवरील प्रयोगांसाठी रबराचे दोन पत्रे एकावर एक ठेवून त्यांच्या कडा दाबून जोडल्या. आतील बाजू चिकटू नयेत म्हणून मधे पीठ भुरभुरले. द्रवरूप लॅटेक्समध्ये साचा बुडवून फुगे काढण्याची आजची रीत पुढे विसाव्या शतकात रूढ झाली. भारतात या खेळण्याचा एका मोठ्या उद्योगाशी संबंध आहे. टायरनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या एमआरएफचा आरंभ १९४६ मध्ये मद्रासजवळील तिरुवोट्टियूर येथे खेळण्यातले फुगे बनविणाऱ्या लहानशा कारखान्यातून झाला. फुग्यांचा कच्चा माल म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. देशात त्याच्या उत्पादनात केरळ अग्रस्थानी आहे.

या कलेत सर्वाधिक वापरला जाणारा फुगा ‘२६०’ या क्रमांकाने ओळखला जातो. पूर्ण भरल्यावर व्यास २ इंच आणि लांबी ६० इंच, असा त्याचा अर्थ. १६० क्रमांकाचा त्याहून बारीक, ३५० क्रमांकाचा जाड. अरुंद नळीत पहिली हवा शिरताना दाब सर्वाधिक लागतो. म्हणून तोंडाने फुंकण्याऐवजी हातपंप वापरतात. शेपटाकडील काही भाग रिकामा ठेवतात, कारण प्रत्येक पिळाबरोबर सरकणाऱ्या हवेला तेथेच जागा मिळते. पीळ नेहमी एकाच दिशेने द्यावा लागतो. उलट दिशेने दिला तर आधीचा उलगडतो.

विणलेल्या टोपीची सुरुवात डोक्याभोवतीच्या कड्यापासून होते. येथे नवशिक्यांचा अंदाज हमखास चुकतो. प्रौढाच्या डोक्याचा घेर साधारण ५६ सेंटीमीटर धरला, तर तेवढ्याच लांबीचे कडे घट्ट बसते. कारण फुग्याला स्वतःची सुमारे ५ सेंटीमीटर जाडी असते. कड्याचा मध्य डोक्यापासून अडीच सेंटीमीटर दूर राहतो आणि घेर जवळजवळ १६ सेंटीमीटरने वाढतो. कडे सुमारे ७२ सेंटीमीटरचे घ्यावे लागते. दीड मीटर लांबीच्या फुग्यातून ते निघून उरलेला भाग वर चढविता येतो.

या कड्याला उभे फुगे पिळून अडकवितात, तो ताणा. आडवे फुगे त्यांच्या आत-बाहेर नेतात, तो बाणा. बांबूच्या टोपलीत एकच लांब पट्टी गोल गोल फिरवीत विणायची असेल, तर उभ्या काड्यांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे प्रत्येक फेरीत खालची-वरची जागा आपोआप बदलते. फुग्याचे मात्र प्रत्येक आडवे कडे एका फेरीतच बंद होते. म्हणून येथे उभ्या फुग्यांची संख्या सम हवी आणि प्रत्येक नवे कडे आधीच्याच्या उलट सुरू करायला हवे. संख्या विषम राहिली, तर कुठेतरी दोन शेजारी फुगे एकाच बाजूला येतात आणि वीण तिथे सैल पडते. गाठ मारण्यापूर्वी थोडी हवा सोडून फुगा मऊ केला की तो दाबून ओढता येतो. पुढे रबराचे घर्षणच वीण धरून ठेवते. बुरुडाच्या टोपलीत बांबूच्या ताठपणाने साधते ते येथे चिकटपणाने साधते.

पिळाच्या रचनेमागचे गणित गंभीर अभ्यासाचा विषय झाले आहे. एरिक डेमेन, मार्टिन डेमेन आणि व्हाय हार्ट यांनी २००८ मध्ये फुग्यांच्या बहुफलकांवर शोधनिबंध सादर केला. त्यातील मूळ प्रश्न ऑयलरच्या जुन्या कोड्याचाच: एकही कड दोनदा न गिरवता आकृती पुरी होते का? अष्टफलक एकाच फुग्यात होतो, कारण त्याच्या प्रत्येक शिरोबिंदूवर चार कडा मिळतात. घनालाही कडा बाराच. पण प्रत्येक कोपऱ्यावर तीन कडा येत असल्याने त्याला किमान चार फुगे लागतात.

अमेरिकेतील अ‍ॅडी सोमेख आणि छायाचित्रकार चार्ली एकर्ट यांनी १९९० च्या दशकात ३४ देशांत हिंडून लोकांच्या डोक्यावर अशा टोप्या चढविल्या व छायाचित्रे टिपली. ती २००१ मध्ये पुस्तकरूपाने आली. ज्यांची भाषा येत नाही त्यांच्याशी बोलणे सुरू करायला इतके स्वस्त साधन दुसरे क्वचितच सापडेल.

धोक्याचे काय? तो फुगलेल्या टोपीपेक्षा तिच्या तुकड्यांत अधिक आहे. लॅटेक्सचा पातळ तुकडा श्वासनलिकेवर चिकटून बसतो आणि खोकल्याने सहज सुटत नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने फुग्यांच्या पाकिटावर इशारा छापणे बंधनकारक केले: आठ वर्षांखालील मुले न फुगविलेल्या वा फुटलेल्या फुग्याने गुदमरू शकतात. विणलेल्या टोपीत हे अधिक लक्षात ठेवावे लागते. एक फुगा फुटला तरी बाकीचे वीण धरून राहतात, टोपी डोक्यावरच असते आणि फाटका तुकडा जाळीत अडकून लहान मुलाच्या हाती, तेथून तोंडात जातो. तुकडा दिसताच ओढून काढावा. वीण बिघडली तरी चालेल. काहींना लॅटेक्सची तीव्र अ‍ॅलर्जी असते. म्हणून अनेक रुग्णालये असे फुगे आत येऊच देत नाहीत.

टोपीचे आयुष्य काही दिवसांचे. पडद्यातून हवा झिरपते, उन्हात रबराची चकाकी जाऊन ते मळकट व ठिसूळ होते. ‘नैसर्गिक असल्याने मातीत मिसळते’ ही विक्रेत्यांची ग्वाही मात्र तपासून घ्यावी: ऑस्ट्रेलियातील तस्मानिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गोडे पाणी, खारे पाणी आणि औद्योगिक कंपोस्ट यांत सोळा आठवडे ठेवूनही लॅटेक्सचे फुगे लक्षणीयरीत्या विघटित झाले नव्हते. टोपी उतरल्यावर फुगे कात्रीने गाठीजवळ हळूच कापून हवा सोडावी आणि तुकडे मोजून कचऱ्याच्या डब्यात टाकावेत.