पिल्लांच्या पायांतील दुबळेपणा : एका लक्षणाचा इतिहास

कोंबडीच्या पिल्लाचे पाय लुळे पडणे, त्याला उभे राहता न येणे आणि दाण्यापाण्यापर्यंत पोहोचता न आल्यामुळे शेवटी त्याने उपासमारीने मरणे, ही कोंबडीपालकाला हताश करणारी घटना गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत पोषणशास्त्राला पुन्हा पुन्हा नवे धडे देत आली आहे. बाहेरून एकसारखे दिसणारे हे लंगडेपण कधी अन्नातील उणिवेतून, कधी संसर्गातून, तर कधी केवळ वाढीच्या वेगातून उद्भवते, आणि या कारणांची फोड करण्यात संशोधकांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या.

या इतिहासाचा आरंभ मोठ्या कोंबड्यांपासून होतो. डच ईस्ट इंडीजमधील बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, येथे ख्रिस्तियान आइकमान हे डच वैद्य बेरीबेरी या माणसांच्या रोगाचा जंतू शोधत असताना १८८९ मध्ये प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लटपटू लागले, आणि ज्या कोंबड्यांना रोग्यांचे रक्त टोचले नव्हते त्याही आजारी पडल्या. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या, तेव्हा चौकशीत असे आढळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील सडून कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता आणि नव्या आचाऱ्याने तो देणे बंद केले होते. तांदळाच्या पिष्टात विष असावे आणि कोंड्यात त्याचा उतारा असावा, अशी आइकमान यांची प्रथम समजूत होती. १९०१ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी खेरित ग्राइन्स यांनी कोंड्यात शरीराला आवश्यक असे काही असते आणि तेच कमी पडते, असा नेमका अर्थ लावला. हे द्रव्य म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, अर्थात थायमिन. कोकण-गोव्यात पेजेसाठी वापरला जाणारा उकडा तांदूळ तुसासकट उकडला जात असल्यामुळे हे द्रव्य दाण्याच्या आत मुरते आणि पुढे तांदूळ सडला तरी बऱ्याच अंशी टिकून राहते. प्रत्येक रोगामागे जंतू शोधण्याच्या त्या काळात, एखाद्या गोष्टीचा अभाव हेही रोगाचे कारण असू शकते, ही कल्पना कोंबड्यांच्या पायांनी शिकवली, याचे महत्त्व जितके मानावे तितके थोडे आहे.

पिल्लांचा प्रश्न तीव्र झाला तो अमेरिकेत, आणि त्याचे मूळ पालनपद्धतीतील बदलात होते. खुडूक कोंबडीमागे अंगणात हिंडणारी पिल्ले ऊन, गवत आणि किडेमुंग्या यांवर वाढत; परंतु कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे १८७९ पासून उबवणी यंत्रांचा प्रसार झाला, १९१८ पासून अमेरिकी टपाल खाते एक दिवसाची पिल्ले स्वीकारू लागले आणि १९२३ मध्ये डेलावेअरमधील सिसिल स्टील या गृहिणीने ५० पिल्ले मागवली असता चुकून ५०० आली, तेव्हा ती परत न करता मांसासाठी वाढवून विकली. हिवाळ्याच्या अखेरीस, बंद खोलीत, कृत्रिम उबेखाली पिल्ले वाढवण्याचा प्रघात अशा रीतीने पडत गेला आणि त्याच खोल्यांत काही आठवड्यांच्या पिल्लांचे पाय वाकू लागले.

विस्कॉन्सिन विद्यापीठात एडविन हार्ट, जेम्स हॅल्पिन आणि हॅरी स्टीनबॉक यांनी १९२० पासून या पायांच्या दुबळेपणाचा पद्धतशीर अभ्यास केला. असे पिल्लू चालायचे सोडून ज्या सांध्यावर बसून राहते, त्याला लोक गुडघा म्हणत असले तरी शरीररचनेप्रमाणे तो घोटा असतो. अशा पिल्लाची चोच रबरासारखी लवते आणि फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी येतात. हा मुलांना होणाऱ्या मुडदूस या रोगाचाच प्रकार होता, कारण दोहोंत हाडांमध्ये चुना नीट भरला जात नाही. त्याच खाद्यावर वाढणारी पिल्ले प्रत्यक्ष उन्हात किंवा पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशात रोज थोडा वेळ ठेवली की निरोगी राहत. साध्या काचेतून आलेल्या उन्हाचा मात्र उपयोग होत नसे, कारण काच नेमके तेच किरण अडवते. कॉड माशाच्या यकृताच्या तेलानेही हाच गुण येई. स्टीनबॉक यांनी १९२४ मध्ये अन्नावरच हे किरण पाडून त्यात मुडदूसविरोधी गुण उतरवता येतो, असे दाखवले, आणि त्यांच्या पेटंटमधून विद्यापीठाच्या संशोधनासाठी स्वतंत्र निधी उभा राहिला.

पुढचा टप्पा अधिक सूक्ष्म होता. किरण दिलेल्या एर्गोस्टेरॉलने, म्हणजे बुरशी व यीस्टमधील एका स्निग्ध द्रव्याने, उंदरांचा मुडदूस बरा होई, पण पिल्लांना त्याचा फारसा लाभ होत नसे. या विसंगतीतूनच मुडदूस रोखणारे ड जीवनसत्त्व एकच नसून त्याचे प्रकार आहेत, हे १९३० च्या दशकात स्पष्ट झाले; पिल्लांना प्राण्यांच्या त्वचेत तयार होणारा ड-३ हा प्रकार लागतो. त्यामुळे एखाद्या तेलात ड-३ किती आहे हे ठरवताना पिल्लांना ते खाऊ घालून त्यांच्या पायाच्या हाडाच्या राखेचे प्रमाण मोजण्याची पद्धत रूढ झाली.

मुडदुसाचे कोडे सुटल्यावर हाडांचा भुगा अधिक घातल्याने पाय बळकट होतील, असा समज पसरला आणि त्यातून दुसरेच दुखणे वाढले. यात हाड कठीण असते, परंतु घोट्याच्या सांध्याची खाच उथळ होऊन तिच्यातला स्नायूबंध बाजूला घसरतो आणि पाय एकाएकी आडवा वळतो. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी १९३६ मध्ये त्याचे कारण मँगनीज या सूक्ष्म खनिजाच्या अभावात असल्याचे दाखवले. कॅल्शियम व फॉस्फरस जास्त झाले की हे खनिज आतड्यातून शोषले जात नाही. ब-२ जीवनसत्त्वाच्या अभावाची खूण त्याहून वेगळी असते: पिल्लाची बोटे मुठीसारखी आत वळतात आणि ते घोट्यांवर सरकत चालते. प्रेमाने पण अंदाजाने दिलेले औषध कसे उलटते, याचे हाडांच्या भुग्याइतके बोलके उदाहरण पशुपालनात क्वचितच सापडेल.

याच काळात उणिवेच्या कल्पनेचाही अतिरेक झाला. बुडापेस्ट येथील योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये पाय व पंख लुळे पडलेल्या कोंबड्यांच्या मज्जातंतूंची जाडी वाढल्याचे नोंदवले होते, तरीही पुढे अनेक वर्षे अशा लुळेपणाचे मूळ खाद्यात शोधले गेले. या रोगात एक पाय पुढे आणि दुसरा मागे ताणलेला दिसतो, आणि कोणत्याही जीवनसत्त्वाने तो सुटत नाही. इंग्लंडमधील हॉटन येथील संस्थेत चर्चिल आणि बिग्ज यांनी १९६७ मध्ये त्यामागे नागीण गटातील विषाणू असल्याचे सिद्ध केले. हा विषाणू पिसांच्या मुळांतून गळणाऱ्या कोंड्यावाटे हवेत पसरतो आणि शरीरात कर्करोगाच्या गाठीही निर्माण करतो. १९७० च्या सुमारास टर्की पक्ष्यातील निरुपद्रवी विषाणूपासून तयार झालेली लस ही कर्करोगावरची पहिली व्यापक परिणामकारक लस ठरली. महाराष्ट्रात अंड्यांसाठी वाढवली जाणारी पिल्ले आज हॅचरीतून बाहेर पडण्यापूर्वीच मानेच्या कातडीखाली ही लस घेतात, कारण शेडमधील धुळीशी गाठ पडण्यापूर्वी ती मिळाली तरच तिचा पुरता उपयोग होतो.

खाद्य पुरे पडू लागले आणि लसही आली, तरी मांसासाठीच्या ब्रॉयलर पिल्लांचे पाय दुबळेच राहिले. १९६५ मध्ये लीच आणि नेशाइम यांनी नडगीच्या टोकाला कूर्चेचा, म्हणजे हाड होऊ न शकलेल्या मऊ भागाचा, पांढरा गोळा साठत असल्याचे वर्णन केले आणि त्यात आनुवंशिकतेचा भाग असल्याचे दाखवले. आठवड्यागणिक वजन वाढवण्यासाठी निवडलेल्या वाणांत शरीराचा भार हाडांच्या पक्वतेपुढे धावतो. १९९२ मध्ये ब्रिस्टल येथील संशोधकांनी पक्ष्यांच्या चालीला ० ते ५ असे गुण देण्याची रीत प्रसिद्ध केली. ० म्हणजे निर्दोष चाल आणि ५ म्हणजे चालताच न येणे. त्यानंतर पैदास करणाऱ्यांना वजनाच्या नोंदीशेजारी पक्ष्याच्या चालीचीही नोंद ठेवणे भाग पडू लागले.